भिंतीकडची टगर

कौसा, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. टेबलावर फोन थरथरला, रेखाचं नाव दिसलं, आणि मी तो उचलला नाही. तास संपायला दहा मिनिटं होती. नंतर जिन्यात उभं राहून तिला फोन लावला, तर ती म्हणाली, "मॅडम, आई गेली." मी येते म्हणाले आणि निघाले. आकुर्डीहून तळवड्याच्या रस्त्याने निघाले ती महाळुंग्याच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अडकले. स्कूटर असूनही पुढे सरकता येईना. नाणेकरवाडीत तुझ्या खोलीवर पोचले तेव्हा तुला नेलं होतं. दारात बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली.

त्याला आता तीन आठवडे झाले. तुझं-माझं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि एक गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. भांडण तुला माहीत होतं. गोष्ट माहीत नव्हती. निदान मला तरी तसं वाटतं.

आपली ओळख कशी झाली ते तू रेखाला रंगवून सांगायचीस. मी कशी पहिल्याच दिवशी पांढरा कोट घालून कंपनीच्या लॉनवर आले, आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं, लस टोचायला बाई आली. मी पस्तिशी ओलांडलेली, कॉलेजात शिकवत होते, पण पीएचडी झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती. कारखान्याच्या आवारात लावलेल्या शोभेच्या झाडांवर हवेतल्या प्रदूषणाचा काय परिणाम होतो आणि त्यातली कोणती झाडं तग धरतात, हा माझा विषय. आमचे आप्पा पिंपरीत फाउंड्रीत होते. कामावरून आल्यावर ते नाक शिंकरायचे तो रुमाल काळा व्हायचा, आई तो वेगळा धुवायची. त्या रुमालामुळे मी हा विषय निवडला, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. खरं म्हणजे विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी दिला होता. रुमाल मला नंतर आठवला.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारी ती कंपनी. बाग कंत्राटदाराकडे, आणि बागेत राबणाऱ्या तुम्ही सगळ्या बायका परभणी-हिंगोलीकडच्या. सुपरवायझरने तुला माझ्यासोबत दिलं. आपण तीन ठिकाणच्या टगरीच्या रांगा निवडल्या, एक गेटजवळ, एक लॉनच्या कडेला आणि एक मागे, रंगकामाच्या शेडच्या भिंतीला लागून, जिथे शेडमधली हवा बाहेर फेकणारे पंखे होते. प्रत्येक झाडाला मी नंबराचा पत्र्याचा बिल्ला बांधला. म्हणजे तू बांधलास, मी नंबर सांगत गेले. दर महिन्याला येऊन मी खोडाची जाडी मोजायचे, पानं धुऊन त्यावरची धूळ गाळून घ्यायचे, पिशव्यांत पानं भरून कॉलेजात न्यायचे. तू डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलून माझ्या पुढे चालायचीस. एकदा तू विचारलंस, "मॅडम, तुमी झाडाची बीपी बघता का?" मी म्हणाले, तसंच समज.

मी तुला मावशी म्हणायचे. तिथे सगळेच साहेब तुम्हाला मावशी म्हणायचे. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात तू वैतागून म्हणालीस, "मला मावशी म्हनू नका. माझं आन तुमचं वय एकच आसंल." आपण साल मोजलं तर खरंच एकच निघालं. तुझं लग्न पंधराव्या वर्षी, रेखा सतराव्या वर्षी, नवरा वाळूजला दुसरं घर करून राहिलेला. मी त्या वयात बारावीच्या क्लासला जात होते. त्या दिवसापासून मी तुला कौसा म्हणू लागले, अगं-तुगं करू लागले. तू मात्र शेवटपर्यंत मॅडमच म्हणालीस. मी कधी त्याला हरकत घेतली नाही.

तू मला किती शिकवलंस ते मी प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत, ऋणनिर्देशात एका ओळीत लिहिलं होतं, 'बागेतील कर्मचाऱ्यांचे सहकार्य'. तुझं नावही नव्हतं त्यात. पान वरून बघायचं नसतं, उलटं करून बघायचं, रोग आधी खाली येतो, हे तू सांगितलंस. आज माझी मुलं प्रॅक्टिकलला पान हातात घेतात ते आधी उलटं करतात. भिंतीकडे गेलो की तू नाक वर करून म्हणायचीस, आज वास पातळ आहे, किंवा आज जाड आहे. जाड वासाच्या दिवसांनंतर पानांच्या कडा करपतात, असंही तू म्हणाली होतीस. मी ते वहीत लिहिलं नाही. वासाची जाडी मोजायचं उपकरण माझ्याकडे नव्हतं.

दुपारी तुम्ही त्या भिंतीशीच जेवायला बसायचात. कॅन्टीन तुमच्यासाठी नव्हतं, लॉनवर बसायची बंदी होती, आणि आवारात दुपारची सावली तेवढीच. मी आले की माझ्यासाठी तुझ्या डब्यात एक भाकरी जास्त असायची. जेवून निघाले की माझं डोकं दुखायचं. मला वाटायचं, ऊन लागलं. मी महिन्यातून एकदा बसायचे तिथे.

दीड वर्ष झालं आणि निकाल असा आला की सर खुर्चीतून उठले. भिंतीकडची टगर मरायला हवी होती, निदान खुरटायला हवी होती. ती गेटजवळच्या टगरीइतकीच टवटवीत होती. एकही झाड मेलं नव्हतं. सर म्हणाले, "तुला तुझं झाड सापडलं." मी चर्चासत्रात तो निबंध वाचला, टाळ्या मिळाल्या. कंपनीच्या जनसंपर्क विभागातल्या बाईंनी माझ्याकडून एका पानाचा सारांश मागून घेतला आणि फ्रेम करून रिसेप्शनला लावला, की आमच्या आवारातली झाडं संशोधनात निरोगी आढळली. तुला तो दाखवायला मी हाताला धरून नेलं होतं. तू पायातल्या चपला बाहेर काढल्यास. फ्रेमकडे बराच वेळ बघत राहिलीस आणि विचारलंस, "ह्यात भिंतीकडचीबी लिवली का?" मी म्हणाले, तीच तर मुख्य आहे. तू बाहेर जाऊन चपला घातल्यास. मला वाटलं, भारावली असशील.

त्यानंतर दीडेक वर्षाने तू कामावर दिसेनाशी झालीस. बायका म्हणाल्या, कौसाक्काला दम लागतो, झाडू मारताना मधेच बसते, आता घरीच असते. मी यायला दोन महिने लावले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण चालू होतं. शेवटी एक पपई घेऊन आले, तर तू कॉटवर तीन उशांना टेकून बसलेली. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. आधी क्षय म्हणून औषधं झाली, मग क्षय नाही म्हणाले. फुप्फुस आतून कडक होत चाललंय एवढं रेखाला कळलं होतं.

तू रेखाला दूध आणायला पाठवलंस. ती गेल्यावर म्हणालीस, "मॅडम, भिंतीकडची झाडं तुमची नाईत."

मला कळलं नाही. मग तू थांबत थांबत सगळं सांगितलंस. बाहेरचे पाहुणे यायचे असले की सुपरवायझर फेरी मारायचा, आणि मेलेलं झाड दिसलं तर गेटपास काढून घेईन म्हणायचा. नर्सरीचा टेम्पो सकाळीच यायचा. तुम्ही मेलेली टगर उपटायचात, तेवढ्याच उंचीची नवी लावायचात, आणि माझा बिल्ला जुन्या झाडावरून काढून नव्याला बांधायचात. तारही तीच वापरायचात, म्हणजे मला शंका यायला नको.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. मी चिडून विचारलं असणार, कारण रेखा आली आहे का म्हणून तू दाराकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "तुमी इचारलं नाई. आन तुमी लई खूश व्हायच्या."

माझ्या पर्समध्ये आवाराचा नकाशा होता, प्रत्येक झाडाच्या जागी एक ठिपका. तू तो मागून घेतलास. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, पण गेट कुठे आणि शेड कुठे एवढं दाखवल्यावर तू बोट ठेवत गेलीस. हे एकदा मेलं, दिवाळीनंतर. हे दोनदा. हे एकदा, पण ते पाण्यावाचून, ते धरू नका. तू तेही वेगळं काढून सांगितलंस. पंख्यांच्या समोरच्या जागेवर आलीस तेव्हा बोट उचललंस आणि सगळा तळवाच तिथे ठेवलास.

"हितं काईच जगत नाई, मॅडम."

"आणि तुम्ही जेवायला बसता ते?"

"हितंच की."

रेखा दूध घेऊन आली. तिने चहा ठेवला. आपण दोघी त्या कागदाकडे बघत होतो. मग तू म्हणालीस, "आता लिवा हे."

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, असं लिहिता येत नाही, पुरावा लागतो. आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही. तुझा श्वास पुरत नव्हता, तरी तू उशीवरून पुढे सरकलीस. "मी उपटली ती झाडं, ह्या हातानं. मी सांगायले त्यो पुरावा नाई, आन तुमी बिल्ला बघून लिवलं त्यो पुरावा?"

मी दुसरंच बोलले. म्हणाले, हे बाहेर आलं तर बाकीच्या बायकांचे गेटपास जातील. तू म्हणालीस, बायकांचं बायका बघतील, तुम्ही तुमचं सांगा. आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी चहा अर्धा ठेवून उठले.

त्यानंतर मी दोनदा आले. आपण बोगनवेलीची कलमं कशी धरायची ते बोललो, रेखासाठी आलेल्या स्थळाबद्दल बोललो, ते तुला पसंत नव्हतं. नकाशाचा विषय तू काढला नाहीस. मीही काढला नाही. मला वाटलं, वेळ आहे. एकदा दवाखान्यात मी तुमच्यासोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतात? रेखा म्हणाली, बागकाम. त्यांनी ते कागदावर लिहिलं. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. कोणती बाग, कुठली भिंत, हे तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं, कारण मला सिद्ध करता आलं नसतं.

आजही येणार नाही. तू लहानपणापासून चुलीपुढे बसलेली, अंगावर पंप घेऊन फवारणी केलेली, चाकणच्या रस्त्यांवरची धूळ खाल्लेली. तुझ्या फुप्फुसात नेमकं काय गेलं ते मी सांगू शकत नाही. त्या जागी टगर जगत नव्हती, इतकंच मला ठाऊक आहे. आणि टगर चिवट झाड आहे.

आता ती गोष्ट.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत भिंतीकडच्या एका झाडाचं खोड मी मोजलं तर ते आदल्या महिन्यापेक्षा बारीक भरलं. खोड बारीक होत नाही, कौसा. झाड वाळेल, मरेल, पण त्याचं खोड एका महिन्यात एवढं बारीक होत नाही. मी तीनदा मोजलं. तू कॅन घेऊन शेजारी उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू पायाने माती सारखी करत होतीस. बुंध्याशी माती भुसभुशीत होती, ताजी खणलेली. मी ती पाहिली. मग वहीत आदल्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहिला आणि स्वतःशी म्हणाले, मागच्या वेळी आपलंच मोजायला चुकलं असेल. पुढच्या महिन्यात आणखी एका झाडाचं तसंच निघालं. मी तसंच लिहिलं.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. सरांना, कंपनीला, तुलाही. पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. चर्चासत्र तोंडावर होतं. मी त्या दिवशी फक्त एवढं विचारलं असतं, की कौसा, हे झाड कुठलं, तर तू सांगितलं असतंस. तू खोटं बोलणारी नव्हतीस. तू म्हणालीस ना, तुमी इचारलं नाई. तेव्हापासून तू दीड वर्षाच्या वर त्या भिंतीशी बसून जेवलीस. तू वाचली असतीस का, ते मला माहीत नाही. पण मी सांगितलं असतं, आणि तू तिथे बसली नसतीस.

तू मला खरं सांगितलंस तेव्हा तुझा त्यात काहीच फायदा नव्हता. कामावर तू परत जाणार नव्हतीस हे तुला माझ्या आधी कळलं होतं. तुला फक्त माझी वही बरोबर करायची होती. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नाही, आणि मी तुला पुरावा लागतो म्हणाले.

तू गेल्यानंतरच्या आठवड्यात मी सरांकडे गेले. बारीक झालेल्या खोडापासून सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही चाळून मिटली. मग म्हणाले, ती रांग वगळून टाक, नोंदी अपुऱ्या राहिल्या असं लिही, कोण विचारतंय? मी म्हणाले, मी प्रबंधातलं ते प्रकरण मागे घेते आणि का घेते तेही लिहिते. तुझं नाव घालून लिहिते. ते म्हणाले, मग हे तुझं तू निस्तर. चर्चासत्रवाल्यांना मी निबंध मागे घेत असल्याचं कळवलं आहे. ती फ्रेम काढावी म्हणून कंपनीला पत्र दिलं. उत्तर आलं नाही. माझा गेटपास मात्र चालेनासा झाला. प्रबंध आता या वर्षी होत नाही, पुढच्या वर्षीही होईल की नाही सांगता येत नाही. हे मी तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. तुझ्यासाठी करायचं ते तू असताना करायचं होतं.

तेराव्याला मी आले होते. जेवणं आटोपल्यावर रेखा मोरीत भांडी घासत होती, मी विसळत होते. ती म्हणाली, "मॅडम, मला आईच्या जागेवर घेतलंय. सोमवारपासून."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी तिला म्हणाले, त्या मागच्या भिंतीपाशी जेवायला बसू नकोस, काही झालं तरी बसू नकोस. तिने का म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे आईला का नाही सांगितलं?"

मी तिला सगळं सांगितलं, भुसभुशीत मातीसुद्धा. ती घासत राहिली, एकदाही थांबली नाही. माझं बोलून झालं तेव्हा तिने शेवटची परात माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, ती मला जा म्हणेल. ती म्हणाली, दुसरं काम मिळेपर्यंत जावंच लागेल, खोली सोडता येणार नाही. आणि मग, "तुम्ही लिहा. माझं मी बघते." अगदी तुझ्यासारखं म्हणाली.

सोमवारी मी कॉलेजातून अर्धी रजा टाकून आले. आत सोडणार नव्हतेच, म्हणून मागच्या गेटला गेले. तिथल्या जाळीतून शेडची ती भिंत दिसते. पंखे चालू होते. भिंतीशी कुणी नव्हतं. बायका लॉनच्या कडेला उन्हात बसल्या होत्या, डोक्यावर पदर ओढून, डबे उघडून, आणि रेखा मधे होती. तिने पहिल्याच दिवशी त्यांना उठवलं होतं. काय सांगून उठवलं कुणास ठाऊक.

त्यांचे दोन घास झाले असतील नसतील, तेवढ्यात सुपरवायझर आला. त्याने आवाज चढवला नाही. नुसता लॉनकडे हात केला, मग भिंतीकडे हात केला. बायका थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग एकीने डबा मिटला, तिच्या मागून दुसरीने. त्या उठून भिंतीच्या सावलीकडे चालू लागल्या. रेखा सगळ्यात शेवटी उठली. जाता जाता तिने गेटकडे पाहिलं, आणि मी दिसले असावे. मी हात वर केला. तिने केला नाही. तिच्या दोन्ही हातांत डबे होते.